‘ई’चा दिवा

केलर्टन, ओहायो
२१ मार्च २०११

एमिल,

हे पत्र माफीचं नाही. पहिल्याच ओळीत सांगून टाकते, म्हणजे चष्मा शोधायचे कष्ट घ्यायचे की नाही ते तुला ठरवता येईल. माफी मागायचीच तर ती तू मागायचीस, आणि एकोणीस वर्षांत तुला ते जमलेलं नाही. पत्ता ग्रेगकडून घेतला. माझ्या पोराकडे तुझा फ्लोरिडाचा पत्ता कसा, हे मी त्याला विचारलं. त्यानं विषय बदलला.

कारण वेगळंच आहे. प्रिचर्ड आपला बेसबॉलचा संघ घेऊन चाललाय.

प्रिचर्ड म्हणजे नवा मालक. गेल्या सहा वर्षांत त्यानं आपल्या भट्टी मैदानात पाच सामने पाहिले असतील, तेही काचेच्या खोलीत बसून. भट्टीचं मैदान शहराच्या मालकीचं, संघ त्याचा. करारात एक कलम आहे: एका मोसमात दर सामन्याला सरासरी दोन हजार माणसं आली नाहीत, तर त्याला संघ उचलून दुसऱ्या गावी न्यायची मोकळीक. दक्षिणेत कुठलंसं नवं शहर त्याला नवंकोरं मैदान बांधून द्यायला बसलंय. म्हणजे यंदा माणसं यावीत असं ज्याला वाटत नाही, तोच आमची तिकिटं विकणार.

काचेचा कारखाना गेला तेव्हा मी गप्प बसले. हायस्कूल नदीपलीकडच्या शाळेत विलीन केलं तेव्हाही बसले. आता नाही बसणार. ब्लोअर्स हा काच फुंकणाऱ्यांचा संघ आहे, आणि बाबा म्हणायचे तसं, हातात आलेले सामने फुंकून टाकणाऱ्यांचाही. पण फुंकायचे तर ते इथेच फुंकतील.

तू तीस वर्षं वरच्या खोलीत बसून प्रत्येक सामन्याची अधिकृत नोंद लिहिलीस, म्हणून तुला कळवलं. उत्तराची गरज नाही.

बर्नाडीन

९ एप्रिल २०११

एमिल,

तुझं कार्ड मिळालं. पुढे समुद्र, नारळाची झाडं. मागे चार शब्द: ‘हिट होती. तब्येत ठीक.’

कमाल आहे तुझी. मी संघाबद्दल लिहिलं, तू २५ जुलै १९९२ बद्दल उत्तर दिलंस. मग ऐकच. तुला सांगायची गरज नाही, तरी सांगते, कारण एवढ्या वर्षांत मला कुणी बोलू दिलेलं नाही.

नववा डाव. सत्तावीसपैकी सव्वीस गडी बाद, आणि माझ्या ग्रेगनं समोरच्या एकाही फलंदाजाला हिट, म्हणजे निव्वळ फटक्याच्या जोरावर बेस, मिळू दिलेली नाही. एकवीस वर्षांचं पोर. भट्टीत कुणी त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हतं, कारण कोऱ्या सामन्याचं नाव काढलं की घात होतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. कोबी-शेवयांची हालुश्की विकणाऱ्या वांडानं कढईखालचा गॅससुद्धा बंद केला होता. मोठ्या शहराच्या संघानं खेळाडू हेरायला पाठवलेला माणूस माझ्यापुढे तीन रांगा सोडून बसला होता, गवती टोपी घालून.

शेवटचा फलंदाज. चेंडू टप्पे खात सहा नंबरच्या जागेकडे गेला. तिथे आपला ओकासियो होता, लांब हातांचा. तो उजवीकडे झेपावला, चेंडू त्याच्या हातमोज्याला लागला आणि निसटला. फलंदाज पहिल्या बेसवर पोचला.

आता सगळं तुझ्या हातात. ओकासियोची चूक धरलीस तर फलकावर ‘ई’चा, एररचा, दिवा लागणार आणि ग्रेगचा सामना कोरा राहणार. चूक नाही धरलीस तर ‘एच’, म्हणजे हिट. चार हजार माणसं मान वर करून ‘ई’ची वाट बघत होती, त्यांत त्याची आई होती आणि तू त्याचा सख्खा मामा होतास. तू ‘एच’ लावलास.

पुढच्या फलंदाजाला ग्रेगनं तीन चेंडूंत बाद केलं. गवती टोपीवाला वही मिटून निघून गेला. पुढच्या वसंतात ग्रेगचा खांदा गेला, आणि आज तो पावाची गाडी चालवतो.

बाबांचा नियम तुला आठवतो. नोंदवही शाईनंच लिहायची, पेन्सिल ही पळवाट. माझ्या वहीत त्या जागी ‘ई-६’ लिहिलंय, सहा नंबरची चूक, निळ्या शाईत. कधी आलास तर बघ.

बर्नाडीन

३० मे २०११

एमिल,

अकरा सामने झाले, आठ हरलो. मला हरण्याचं काही वाटत नाही, तुला माहीत आहे. वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं.

टीव्हीवरची माणसं आपल्यासारख्या गावांबद्दल बोलताना आवाज मऊ करतात, आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसा. लहान गाव, बिचारे, किती दिवस तग धरणार. अरे, आम्ही काय खाटेवर पडलोय? आपल्याकडे कुणी बरं खेळायला लागलं की मोठं शहर त्याला उचलून नेतं, आणि वर आम्हालाच विचारतं की तुम्ही जिंकत का नाही. हरायचं काम लहान गावांना कुणी नेमून दिलंय का? मी एकशे चाळीस मैलांवरच्या त्या भल्यामोठ्या मैदानात एकदाच गेले होते. तिथे लोक सातव्या डावातच गाड्यांकडे पळतात. भट्टीत शेवटचा गडी बाद होईपर्यंत कुणी उठत नाही, चौदा धावांनी मागे असलो तरी. आमच्या बाकांना खांब आडवे येतात, सहाव्या रांगेतून तिसरा बेस दिसतच नाही, स्वच्छतागृहाची कडी १९७० पासून मोडलीय. हे सगळं खरं. तरी मी तिथंच बसणार.

आता मुद्द्याचं. प्रिचर्ड रोज जो आकडा छापतो तो खोटा आहे. वांडानं पकडलं. नदीकडच्या दारातलं मोजायचं यंत्र बंद आहे. त्या दारानं येणारा कुणी मोजलाच जात नाही, आणि आपली अर्धी म्हातारी मंडळी त्याच दारानं येतात, पायऱ्या कमी म्हणून.

मी त्याच्या व्यवस्थापकाला गाठलं. लुंडी नाव, केसांना इतकं तेल की माशी घसरावी.

“यंत्र बंद आहे,” मी म्हटलं.

“कळवलंय, मॅडम. सुटा भाग मागवलाय.”

“कधी?”

“एप्रिलमध्ये.”

“कुठून मागवलाय, चंद्रावरून?”

वांडा मागून ओरडली, “अगं बर्नी, त्याला दोष देऊ नकोस! त्याला दहाच्या पुढे मोजता येत नाही, बूट घातलेत ना!”

रांगेतले सगळे हसले. मी नाही हसले, कारण आकडा खरा नसेल तर आम्ही कितीही आलो तरी हरलेलेच. नगरपालिकेत तक्रार केली आहे.

बर्नाडीन

१९ जुलै २०११

एमिल,

काल नगरपालिकेची सभा झाली. प्रिचर्ड स्वतः आला होता, म्हणजे तक्रार लागली. शहराचा वकील म्हणाला, आकड्यांवरून कोर्टात गेलो तर तीन वर्षं जातील. प्रिचर्डला तीन वर्षं परवडणार नाहीत, नवं शहर तेवढं थांबणार नाही. शेवटी दोघांनी असं ठरवलं: आजवरचे आकडे बाजूला ठेवायचे. मोसमाचा शेवटचा सामना सप्टेंबरच्या कामगार दिनी, पाच तारखेला. त्या दिवशी पाचवा डाव संपेपर्यंत चार हजार माणसं आत आली, तर संघ पाच वर्षं इथेच. एक जरी कमी पडलं तर तो मोकळा. तिकीट काढलेला माणूस धरायचा, मांडीवरची पोरं धरायची नाहीत.

भट्टीत शेवटी चार हजार कधी भरले होते, माहीत आहे ना? २५ जुलै १९९२.

मग प्रश्न आला, मोजणार कोण? त्यांच्या माणसावर आमचा विश्वास नाही, आमच्या माणसावर त्यांचा. फादर कुझ्माचं नाव निघालं तर लुंडी म्हणाला, फादर तर ब्लोअर्ससाठी मेणबत्त्या लावतात. तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “एमिल सबोल.”

मी नव्हते. शपथेवर सांगते, मी नव्हते. तो न्हावी होता, म्हातारा डुडाश.

“तो तर इथून गेला,” कुणी म्हणालं.

“मग बोलवा! अहो, ज्यानं सख्ख्या भाच्याच्या सामन्यात हिट दिली, तो तुमच्या-आमच्यासाठी खोटं मोजणार होय?”

सभागृह हसलं. प्रिचर्डनं लुंडीला काहीतरी विचारलं, लुंडीनं त्याच्या कानात ती सगळी गोष्ट सांगितली, आणि माझ्या पोराची गोष्ट ऐकून तो माणूस हसत म्हणाला, “मला चालेल.” माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या गोष्टीसाठी मी तुझं नाव टाकलं, तीच गोष्ट तुझी लायकी ठरली, आणि माझ्या डोळ्यांसमोर सगळ्या गावानं हात वर केले. माझाही वर गेला. दुसरं कुणी नाहीच.

मी तुला बोलवत नाही. शहर बोलवतंय. मला फक्त लिहायला सांगितलं.

बर्नाडीन

१४ ऑगस्ट २०११

एमिल,

तुझं पत्र आलं. ‘येईन. जेवढी असतील तेवढीच मोजीन. मला विमानतळावर घ्यायला ग्रेग आला तर बरं.’

ग्रेग! मग मी त्याला जेवायला बोलावलं, समोर बसवलं आणि पुन्हा विचारलं. या वेळी त्याला विषय बदलू दिला नाही.

“दर नाताळला मामाला फोन करतो, आई.”

“कधीपासून?”

“ब्याण्णवपासून.”

माझ्या हातातला डाव पातेल्यात पडला. “आणि मला सांगितलं नाहीस?”

“त्याचं नाव काढलं की तू ताट सरकवायचीस. आणि आई, ती हिटच होती. मी तिथे उभा होतो. ओकासियोला तो चेंडू मिळणं शक्य नव्हतं. दुसऱ्या कुणाचा तर हातही पोचला नसता.”

“तो गवती टोपीवाला...”

“तो सातव्या डावातच मला ‘जमणार नाही’ म्हणाला होता, आई, बाकाजवळ येऊन. माझा हात कसा खाली येतोय ते त्याला दिसत होतं. खांदा जूनपासूनच दुखत होता. तुला सांगितलं नाही एवढंच.”

आधी माझा भयंकर संताप झाला. मग मी भांडी घासली.

एक गोष्ट लिहून टाकते, कारण तू समोर आलास की मला बोलता येणार नाही. सात वर्षांपूर्वी रोझ गेली तेव्हा मी अंत्यविधीला आले नाही, सख्खी वहिनी असून. पांढरी फुलं बिननावाची आली होती ना, ती माझी. रोझनं माझं काय बिघडवलं होतं? ते माझं चुकलं. एवढंच, बाकी कशात नाही.

तयारी जोरात आहे. वृद्धाश्रमाच्या दोन बसगाड्या ठरल्या. काच-कामगार संघटनेचे जुने लोक पेन्सिल्व्हेनियातून येतायत. फादर कुझ्मांनी प्रवचनात सांगितलं की देव सगळ्यांना क्षमा करतो, पण पाच तारखेला घरी बसणाऱ्यांचं त्यांना ठाऊक नाही. नदीपलीकडच्या गावानं, आपल्या जन्माच्या वैऱ्यांनी, शाळेचा अख्खा वाद्यवृंद पाठवायचं कबूल केलंय, सगळे तिकिटं काढून. प्रिचर्डला वाटतं लहान गाव म्हणजे मोजायला सोपं. येऊ दे त्याला.

बर्नी

७ सप्टेंबर २०११

एमिल,

काल विमानतळावर तुझ्याशी चार शब्द बोलायचे राहिले. तुझ्या गळ्यात पडून रडत बसले, आणि ते काम तर पोरीबाळीही करतात. म्हणून लिहिते.

तू नदीचं दार बंद करवलंस आणि सगळ्यांना एकाच दारानं आत घेतलंस. सकाळी दहापासून उन्हात उभा, सत्तर वर्षांचा, अंगठ्यानं दाबायचं ते छोटं मोजयंत्र हातात. डुडाश दुसऱ्यांदा आत शिरायला आला तेव्हा तू त्याला म्हणालास, “टोपी बदललीस, पण कान तेच आहेत.” मी खांबामागून बघत होते. वांडा तर तुला हालुश्कीची बशी भरवायला निघाली होती, तू म्हणालास, लाच नको. ती म्हणाली, “मेल्या, कोबी आहे तो!”

तिसऱ्या डावापर्यंत मला वाटलं, झाले चार हजार. बाकं भरली होती. मी असं दृश्य पुन्हा बघेन असं वाटलं नव्हतं, आणि मला खूप आनंद झाला होता, हे लपवत नाही. पाचवा डाव संपला. तू पायऱ्या उतरून सहाव्या रांगेत आलास, माझ्या शेजारी बसलास आणि यंत्र माझ्यापुढे धरलंस.

तीन हजार नऊशे एक्केचाळीस.

“पुन्हा बघ,” मी म्हटलं.

“बघितलं.”

“एकोणसाठ?”

“एकोणसाठ.”

मागे ती सगळी माणसं गात होती. कुणाला माहीत नव्हतं. लुंडी खाली माइक घेऊन तुझी वाट बघत होता. आणि तू म्हणालास, “हे जरा धर गं. बुटाची नाडी सुटलीय.” यंत्र माझ्या हातात देऊन तू खाली वाकलास, तोंड नदीकडे करून, आणि कितीतरी वेळ वाकलेलाच राहिलास.

बटण माझ्या अंगठ्याखाली होतं. एकोणसाठ वेळा. मनात मोजून बघ, मिनिटसुद्धा लागत नाही. संघ, भट्टी, वांडाची कढई, वृद्धाश्रमाच्या बसगाड्या, सगळं त्या एका मिनिटात राहिलं असतं, आणि कुणाला कळलं नसतं. एमिल सबोल सांगतो म्हटल्यावर प्रिचर्डनंही तोंड मिटलं असतं.

मी दाबलं नाही. तू उठलास, यंत्राकडे बघितलंस आणि माइककडे गेलास. तू आकडा वाचलास आणि भट्टी तुझ्यावर तुटून पडली. कागदी पेले, शिव्या, “पुन्हा तोच! पुन्हा यानंच!” डुडाशसुद्धा, ज्यानं तुझं नाव सुचवलं होतं. मग मी खाली उतरले, लुंडीच्या हातातून माइक ओढला आणि ओरडले. काय ओरडले ते तू ऐकलंस, पण लिहूनही देते, म्हणजे कागदावर राहील: माझा भाऊ तीन हजार नऊशे एक्केचाळीस म्हणतो तर तीन हजार नऊशे एक्केचाळीसच, आणि ज्याला शिव्या द्यायच्यात त्यानं आज घरी बसलेल्या एकोणसाठ जणांच्या दारात जाऊन द्याव्यात. आणि प्रिचर्ड, तू संघ ने. मैदान आमचं आहे. खांबसुद्धा आमचे आहेत.

त्यानंतर एकही माणूस उठला नाही. शेवटचा गडी बाद होईपर्यंत सगळे बसून राहिले. हरलो, सात-दोन.

तुझं विमान उडालं, मी गाडीत बसले आणि मला एकदम आठवलं. तुझ्या बुटांना नाड्या नव्हत्याच, एमिल. पट्ट्यांचे बूट होते, गुडघे वाकत नाहीत म्हणून घेतलेले.

मी दाबलं असतं तर तू तो आकडा वाचला असतास का? मला सांगू नकोस. कधीही सांगू नकोस. तू आयुष्यात पहिल्यांदाच तोंड फिरवलंस, तेही माझ्यासाठी, एवढं मला पुरे आहे.

सोबत एक कागद आहे. तो माझ्या १९९२ च्या वहीतला आहे. वहीत आता जे पान आहे ते मी त्या रात्री दुसऱ्यांदा लिहिलं. हे पहिलं, फाडून प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलेलं. नवव्या डावाचा शेवटून दुसरा चौकोन बघ. तिथे ‘ई-६’ नाही. हिटची रेघ आहे. फलकावर तुझा दिवा लागायच्या आधीच मी ती ओढली होती, चेंडू अजून गवतावर घरंगळत होता तेव्हा. बाबांनी शिकवलेला हात होता, त्यानं बघितलं ते लिहिलं. मग मी वर तुझ्याकडे बघत बसले, की तू तरी खोटं लिहिशील.

एकोणीस वर्षं मी तुझ्यावर नाही, या पानावर चिडले होते.

बर्नी

२२ एप्रिल २०१२

एमिल,

प्रिचर्डचा संघ दक्षिणेत गेला. ऐकते की तिथे पहिल्या आठवड्यात चारशे माणसं आली, वातानुकूलित मैदान असूनही. मी हसले नाही असं म्हणणार नाही.

आज भट्टीत आपला पहिला सामना झाला, नदीपलीकडच्यांशी. आपला संघ म्हणजे पावाची गाडी चालवणारा ग्रेग, दोन शिक्षक, पोस्टमन, एक परिचारिका (सगळ्यांत लांब तीच मारते) आणि असेच. नाव ब्लोअर्सच ठेवलं. ते नाव न्यायला प्रिचर्ड विसरला, किंवा त्याला ते नको होतं. पहिल्या डावात ग्रेगनं सात धावा दिल्या आणि मग माझ्याकडे बघून खांदे उडवले, दुखऱ्या खांद्यासकट. बाबा असते तर म्हणाले असते, फुंकला.

माणसं दोनशेच्या आसपास असतील. कुणी मोजली नाहीत.

वरची खोली उघडली, धूळ झटकली, तुझी खुर्ची अजून आहे. नोंद मी लिहिते, शाईनं. पण फलकाचं एक दुखणं आहे. ‘एच’चा दिवा लागतो, ‘ई’चा गेलाय. त्यामुळे सध्या केलर्टनमध्ये कुणाच्याही हातून चूक होत नाही. आज परिचारिकेच्या पायांमधून सरळ चेंडू गेला, तरी फलकावर हिट. लोक खूश आहेत. नदीपलीकडचे बोंबलतायत.

पोस्टमननं नवा दिवा आणून दिलाय. तो माझ्या पर्समध्ये आहे. मी कुणालाही लावू दिलेला नाही. ते काम तुझं आहे. तू येऊन लाव.

बर्नी